सुधागडाच्या पायथ्याचा शहजादा : औरंगजेबाच्या मुलाबाळांचं पुढे काय झालं?

रानभूल

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात धोंडशाच्या वाटेने सुधागड केला. वाटेत सोबतच्या काकांनी सहज सांगितलं, "इथंच खाली औरंगजेबाचा पोरगा राहायचा." शाळेत एका ओळीत वाचलं होतं की शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. पण तो नेमका इथं, भाताच्या खाचरांशेजारी राहत होता, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. घरी आल्यापासून तेच घोळतंय.

मला कळलेलं असं. जानेवारी १६८१ मध्ये मारवाडात नाडोल इथं अकबराने स्वतःला बादशहा जाहीर केलं. बापाने एका बनावट पत्राने राजपुतांच्या मनात संशय पेरला आणि बंड एका रात्रीत विस्कटलं. दुर्गादास राठोडाने त्याला जपत, मोगलांना हुलकावण्या देत जून १६८१ मध्ये कोकणात आणलं. पालीच्या परिसरात त्याची सोय झाली. नोव्हेंबरात पादशहापूरला संभाजी महाराजांची आणि त्याची भेट झाली. साडेपाच वर्षं तो इथं होता आणि फेब्रुवारी १६८७ मध्ये राजापूरहून जहाजाने निघून गेला.

प्रश्न हा की पुढे काय? त्याची बायको, मुलं? आणि बाकीच्या भावंडांचं काय झालं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कातळखोदू

छान धागा. थोडी भर.

राजापूरहून गेलेलं जहाज बेंडल नावाच्या इंग्रज कप्तानाचं होतं. आधी मस्कत, मग इराण. जानेवारी १६८८ मध्ये अकबर इस्फहानला पोचला. तिथल्या शहाने आदराने ठेवून घेतलं, पण हिंदुस्थानवर चालून जायला फौज काही दिली नाही. शेवटी तिकडेच, मशहदला, तो गेला. तेही बाप जिवंत असताना. बापाच्या मरणाची वाट बघत ज्याने परदेशात आयुष्य काढलं, त्याच्या आधी बाप गेलाच नाही.

पालीत तो राहायचा त्या घराचं त्या काळच्या इंग्रजांनी वर्णन केलंय. गवताने शाकारलेलं मोठं घर, आतून भिंतींना पांढरं कापड, खाली साध्या सतरंज्या. लाल किल्ल्यात वाढलेल्या माणसाने कोकणातला पाऊस अशा घरात काढला.

अबोली_नगर

वाचतेय. माझं माहेर भिंगारचं. औरंगजेब आमच्या गावच्या छावणीत मेला हे लहानपणापासून ऐकलंय, पण त्याला एवढी मुलं होती याचा विचार कधी केला नव्हता.

भीमथडी

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. ज्याने संभाजी महाराजांचे हाल हाल करून प्राण घेतले, त्याच्या घरादाराची एवढी आस्था कशासाठी? त्या काळात आपल्याकडे किती घरं उजाड झाली त्यांची नावंही कुठे नोंदलेली नाहीत. त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही.

रानभूल

भीमथडी, राग कशाला येईल? तुमची खंत खरीच आहे. पण मी आस्थेपोटी नाही, समजून घ्यायचं म्हणून विचारतेय. ज्याला महाराजांनी स्वतः आश्रय दिला, त्याचं पुढे काय झालं हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे ना? आणि अकबर दक्षिणेत आला म्हणून बादशहा नोव्हेंबर १६८१ मध्ये बऱ्हाणपूरला उतरला. पुढची २५ वर्षं महाराष्ट्राने जे भोगलं, त्याचं तात्कालिक कारण हा मुलगा होता.

पंत_सातारकर

तात्कालिक कारण म्हणालात ते बरं केलंत. विजापूर आणि गोवळकोंडा गिळायचं त्याच्या मनात आधीपासूनच होतं. दक्षिणेची सुभेदारी त्याने तरुणपणीच केली होती. अकबर नसता तरी तो आलाच असता. कदाचित स्वतः न येता एखाद्या मुलाला धाडलं असतं. अकबराच्या फितुरीने मुलांवरचा उरलासुरला विश्वास उडाला, म्हणून ६३ व्या वर्षी तो स्वतः घोड्यावर बसला. माझा मुद्दा एवढाच.

आणि भीमथडी, उजाड झालेल्या घरांवर तुम्ही धागा काढाच. आम्ही लिहू.

दौलताबादी

मी छत्रपती संभाजीनगरचा. बीबी का मकबरा आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. ही गोष्ट खरं तर तिथून सुरू होते.

मकबरा आहे दिलरास बानू बेगमचा. इराणच्या सफवी घराण्यातल्या शाहनवाजखानाची ती मुलगी, औरंगजेबाची पहिली आणि मानाची बायको. तिला पाच मुलं झाली: झेबुन्निसा, झीनतुन्निसा, झुब्दतुन्निसा, आझम आणि शेवटचा अकबर. अकबर ११ सप्टेंबर १६५७ ला आमच्याच गावात जन्मला आणि महिन्याभरात, ८ ऑक्टोबरला, दिलरास गेली. म्हणजे रानभूलताई, सुधागडाखाली राहिलेला तुमचा शहजादा हे आईविना वाढलेलं औरंगाबादचं पोर.

हे सगळं घडत होतं तेव्हा बापाचं लक्ष दिल्लीच्या गादीकडे. शाहजहान त्याच सप्टेंबरात आजारी पडला होता आणि चारही भाऊ तलवारी पाजळून तयार होते.

मुक्ताफळ

मकबरा आझमशहाने आईसाठी बांधला असं तिथल्या गाइडने सांगितलं. म्हणजे बापाने ताजमहाल बांधला तसा मुलाने बांधला.

दौलताबादी

गाइड मंडळी सर्रास तेच सांगतात. पण दाराशी कोरलेला मजकूर अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं देतो आणि काळ १६६०-६१ चा. अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. आझमचा जन्म १६५३ चा, म्हणजे मकबरा उभा राहिला तेव्हा तो सात-आठ वर्षांचा. फार तर पुढे त्याने डागडुजी केली असेल. बांधवून घेतला तो औरंगजेबानेच. खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा एका जुन्या फारसी तवारिखेत आहे.

नर्मदाकाठ

सात आणे! पैन्‌पैचा हिशेब ठेवणारा माणूस, खरंच. :)

झुंजूमुंजू

माझा सगळा जीव झेबुन्निसात अडकलाय, म्हणून लिहितेय.

जन्म १६३८, दौलताबाद. सगळ्यांत थोरली. आई गेली तेव्हा ही १९ वर्षांची आणि अकबर महिन्याचा. त्याला वाढवलं तिने. मोठी विदुषी, फारसी-अरबीची जाणकार, स्वतःचा ग्रंथसंग्रह, पदरी विद्वान. 'मख्फी' म्हणजे 'लपलेली' या नावाने कविता करायची. आज तिच्या नावावर छापला जाणारा दिवाण सगळा तिचाच आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण ती कवयित्री होती याबद्दल नाही.

अकबराचं बंड मोडलं तेव्हा त्याच्या छावणीत तिची पत्रं सापडली. भावाला लिहिलेली. बापाने तिचा वर्षाला चार लाखांचा तनखा बंद केला, मालमत्ता जप्त केली आणि तिला दिल्लीच्या सलीमगडात डांबलं. १६८१ ते १७०२. २१ वर्षं. तिथेच गेली. ज्या भावाला हाताने भरवलं, त्याला चार ओळी लिहिल्या म्हणून.

मी स्वतः सहा भावंडांत थोरली आहे. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

मुक्ताफळ

हीच ना ती, जी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पाहून प्रेमात पडली?

पंत_सातारकर

नाही हो. ती दंतकथा आहे, बरीच उशिरा रचलेली. १६६६ च्या आग्रा प्रकरणाबद्दल राजस्थानी पत्रांचा ढीगच्या ढीग उपलब्ध आहे. दरबारात कोण कुठं उभं होतं, महाराज काय बोलले, रामसिंगाने काय केलं, सगळं त्यात येतं. झेबुन्निसेच्या प्रेमाचा त्यात मागमूस नाही. जदुनाथ सरकारांनीही ही कहाणी निकालात काढली आहे. तसंच झीनतुन्निसा आणि संभाजी महाराजांचं. नाटकवाल्यांना रंग भरायला बरं पडतं, पण त्यात खऱ्या झीनतुन्निसेवर अन्याय होतो.

तिचं खरं काम यापेक्षा मोठं आहे. सविस्तर रात्री लिहितो.

रानभूल

पंत, रात्रीची वाट बघते.

झुंजूमुंजू, तुमची पोस्ट वाचून गप्प झाले. ती पत्रं सापडली नसती तर, असं सारखं मनात येतंय.

कोकणकडा

एक बारीकशी भर. अकबराने पालीत बसून आपलं एक मोठं काम केलं. १६८१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अण्णाजी दत्तो वगैरे मंडळींनी संभाजी महाराजांविरुद्ध कट रचून अकबराला पत्र धाडलं, तू साथ दे म्हणून. त्याने ते महाराजांना कळवलं. कटवाले हत्तीच्या पायी गेले. बापाशी फितूर झालेला हा माणूस यजमानाशी मात्र फितूर झाला नाही.

भीमथडी

हे मला माहीत नव्हतं. माझा मुद्दा मी सोडत नाही, पण या माहितीबद्दल आभार, कोकणकडा.

नर्मदाकाठ

बाकीच्या मुलांबद्दल. थोरला महंमद सुलतान, राजौरीच्या नवाबबाईचा. १६५९ मध्ये वारसायुद्धाच्या ऐन मध्यात बापाचा गोट सोडून काका शुजाकडे गेला आणि त्याच्या मुलीशी लग्न लावलं. काही महिन्यांनी परतला तो थेट कैदेत. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बरीच वर्षं काढली. अखेर सुटला आणि १६७६ मध्ये गेला.

दुसरा मुअज्जम, त्याच आईचा. औरंगाबादेचा सुभेदार असताना शिवाजी महाराजांशी तह झाला तो याच्यामार्फत, आणि दहा वर्षांचे संभाजीराजे १६६७ मध्ये त्यालाच भेटायला औरंगाबादेला गेले होते. १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी संधान बांधलं म्हणून बापाने त्याला मुलांसकट कैद केलं. आठेक वर्षं आत.

धाकटा कामबक्ष, उदयपुरी महलचा. जिंजीच्या वेढ्यात राजाराम महाराजांशी बोलणी चालवली या संशयावरून सेनापतींनीच त्याला पकडून बापाकडे पाठवलं.

पाच मुलगे. एक पळाला, तिघांनी कैद भोगली. त्या बाबतीत सुटला तो एकटा आझम.

अबोली_नगर

बाप रे. अन्‌ मुली? तिथेही कैदच का?

दौलताबादी

कैद एकीलाच. पण दोघींची लग्नं बघा. झुब्दतुन्निसा दिली सिपिहर शुकोहला, म्हणजे दाराच्या मुलाला. मेहरुन्निसा दिली इझदबक्षला, म्हणजे मुरादच्या मुलाला. दारा आणि मुराद या आपल्या दोन्ही भावांना औरंगजेबाने मारलेलं. आझमची बायको जहांजेब बानू ही दाराची मुलगी. आणि आपल्या अकबराची बायको सलीमा बानू ही दाराच्या मुलाची, सुलेमान शुकोहची मुलगी. सुलेमानला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात रोज अफूच्या बोंडांचं पाणी पाजून झिजवून मारलं होतं.

ज्यांचे बाप मारले त्यांच्याशीच सोयरीक. भावांचा वंश बाहेर कुणाच्या हाती लागू नये हा त्यामागचा हिशेब असणार.

झुंजूमुंजू

हिशेब असेलही. पण त्या मुलींचा विचार करा. सासरा म्हणून ज्याच्या पाया पडायचं, त्यानेच बापाला मारलेलं.

पंत_सातारकर

आलो. झीनतुन्निसा.

१६४३ चा जन्म, लग्न केलं नाही. दक्षिणेच्या छावणीत बापाचं घर तिनेच चालवलं, अगदी शेवटपर्यंत. 'पादशाह बेगम' हा किताब तिचा. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाईसाहेब व सात वर्षांचे शाहूराजे मोगली छावणीत आले, तेव्हा त्यांचा सांभाळ तिच्याच छत्राखाली झाला. पुढे १७०३ मध्ये शाहूराजांनी धर्म बदलावा असा बादशहाचा आग्रह झाला. शाहूराजे बधले नाहीत. त्यांच्या जागी प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, ते संकट स्वतःवर घेतलं. बेगमेने मध्यस्थी केल्याचं आपल्याकडची परंपरा सांगते.

साताऱ्यात आम्ही शाहू महाराजांच्या समंजसपणाबद्दल नेहमी बोलतो. बापाला ज्या घराने मारलं, त्याच घरातल्या एका बाईने आपल्याला माया दिली, हे गाठीशी घेऊन ते १७०७ मध्ये परतले. येताना खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी जाऊन आले, असंही आपल्या इतिहासकारांनी लिहिलंय. पुष्कळांना ते रुचत नाही. मला त्यात त्यांचं मोठेपण दिसतं.

झीनतुन्निसा १७२१ मध्ये गेली. दिल्लीत दर्यागंजला तिने बांधलेली झीनतुल मसाजिद अजून उभी आहे.

दिल्लीकर_मावशी

हो, आहे! आम्ही ४० वर्षं दिल्लीत आहोत. इथले जुने लोक तिला घटा मशीद म्हणतात. तिची कबर तिथेच होती, ती १८५७ नंतर इंग्रजांनी हलवली. पंत, येसूबाईंशी तिचं नातं मला आज कळलं. आता गेले की वेगळ्या नजरेने बघेन.

झेबुन्निसेला तीस हजारी बागेत पुरलं होतं. आता नुसतं नाव उरलंय, तिथं कोर्ट आणि मेट्रोचं स्टेशन. सलीमगड मात्र लाल किल्ल्याला लागूनच आहे, पुलावरून जाता येतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना मी आवर्जून नेते.

मुक्ताफळ

अवांतर : आज कुणी वंशज आहेत का? मागे कोर्टातली बातमी वाचली होती.

नर्मदाकाठ

ती बातमी बहादूरशहा जफरच्या वारसाहक्काची. हावड्याच्या एका महिलेने जफरच्या पणतवाची विधवा म्हणून लाल किल्ल्यावर दावा सांगितला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही.

जफर औरंगजेबाचाच वंशज. औरंगजेब, मुअज्जम, जहांदारशहा, दुसरा आलमगीर, दुसरा शाहआलम, दुसरा अकबर, जफर. सहावी पिढी. त्याच्या दोन मुलांना आणि एका नातवाला हॉडसन या इंग्रज अधिकाऱ्याने २२ सप्टेंबर १८५७ ला दिल्ली दरवाजाजवळ गोळ्या घातल्या. जफर १८६२ मध्ये रंगूनला वारला.

पण या वंशावळीत मराठे किती वेळा येतात ते बघा. १७१९ मध्ये दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंनी फर्रुखसियरला, म्हणजे मुअज्जमच्या नातवाला, गादीवरून ओढलं तेव्हा बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीत होते. येताना येसूबाईसाहेबांना घेऊन आले. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी दिल्लीत ज्या तिसऱ्या शाहजहानला उतरवलं, तो कामबक्षचा नातू. जागी नाव लावलं शाहआलमचं. त्याच शाहआलमला १७७२ मध्ये महादजींनी दिल्लीला आणून बसवलं, आणि १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले तेव्हा सोडवलं तेही महादजींच्या फौजांनी.

भीमथडी

म्हणजे ज्याने आपलं राज्य बुडवायला २५ वर्षं घालवली, त्याच्या खापरपणतवाला आपण जीवदान दिलं. हे मात्र मला माझ्या मुलाला सांगायला आवडेल.

पंत_सातारकर

बरोबर मोजलंत, खापरपणतूच.

अबोली_नगर

भिंगारबद्दल मीही सांगते. औरंगजेबाने मरताना मुलांना लिहिलेली पत्रं माझ्या वडिलांनी वाचून दाखवली होती. आझमला लिहिलंय की एकटा आलो आणि परका म्हणून जातोय. कामबक्षला लिहिलंय की तुझी आई उदयपुरी माझ्या आजारपणात माझ्यापाशी होती आणि मरणातही सोबत यायचं म्हणते. ती खरंच काही महिन्यांतच गेली. वडील वाचताना थांबायचे. म्हणायचे, मुलांना जन्मभर लांब ठेवलं आणि शेवटी पत्रातून बोलावं लागलं.

दौलताबादी

त्या पत्रांचा उपयोग शून्य झाला. १७०७ च्या जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला मुअज्जम आणि आझम भिडले. आझम मेला, त्याचा मुलगा बेदारबख्तही मेला. बेदारबख्त म्हणजे औरंगजेब आणि दारा दोघांचाही नातू. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्ष. त्यांच्या बापाने १६५८ मध्ये जे केलं, त्याचाच धडा गिरवला.

शाहूराजांची सुटका मात्र याच धांदलीत झाली. उत्तरेकडे निघालेल्या आझमने त्यांना सोडलं.

रानभूल

किती दिलंत सगळ्यांनी! पण माझा मूळ प्रश्न थोडा बाजूला राहिला. अकबराची बायको-मुलं? इराणला जाताना ती बरोबर होती का?

कातळखोदू

नव्हती, आणि माझ्या मते सगळ्यांत चटका लावणारा भाग तो.

पळताना एक मुलगा बुलंद अख्तर आणि एक मुलगी सफियतुन्निसा मारवाडातच राहिली. दुर्गादासाने त्यांना राजपुतांच्या हवाली ठेवलं. पुढे नातवंडं परत मिळावीत म्हणून औरंगजेब अधीर झाला. ईश्वरदास नागर नावाच्या माणसाने मध्यस्थी केली. तो स्वतः इतिहास लिहिणारा, त्याने हे नोंदवून ठेवलंय. १६९० च्या दशकात मुलगी आधी परत आली. आजोबांना वाटलं, राजपुतांत वाढली, हिला धर्माचं काय येणार? शिकवायला कुणी नेमूया म्हणाले, तर तिने सांगितलं की दुर्गादासांनी माझ्यासाठी अजमेरहून शिक्षिका आणली होती, कुराण मला पाठ आहे. बुलंद अख्तर १६९८ मध्ये परतला. तोवर त्याचं सगळं बालपण मारवाडात सरलं होतं.

दुसरा मुलगा नेकुसियर. सलीमा बानूचा, म्हणजे बापाकडून औरंगजेबाचा नातू आणि आईकडून दाराचा पणतू. बंडाच्या वेळी दोन वर्षांचाही नव्हता. आग्र्याच्या किल्ल्यात वाढला, बाहेर पडलाच नाही. १७१९ च्या मे महिन्यात, चाळिशीला आलेला असताना, मित्रसेन वगैरे मंडळींनी त्याला तिथेच गादीवर बसवलं, त्याच्या नावाची नाणी पाडली. ऑगस्टमध्ये सय्यदांनी किल्ला घेतला. त्याला दिल्लीला नेऊन ठेवलं सलीमगडात. १७२३ मध्ये तिथेच गेला.

झुंजूमुंजू

सलीमगडात? म्हणजे आत्या गेली त्याच किल्ल्यात?

कातळखोदू

हो. त्याच.

दिल्लीकर_मावशी

पुढच्या वेळी त्या पुलावरून जाताना दोघांची नावं सांगेन पाहुण्यांना.

रानभूल

कातळखोदू, कसे आभार मानू कळत नाही. सुधागडाच्या पायथ्याशी गवताच्या घरात अकबर पाऊस बघत बसला असेल तेव्हा बहीण सलीमगडात, एक मुलगा आग्र्यात, दोन मुलं मारवाडात आणि आई औरंगाबादेत मकबऱ्यात.

दिवाळीनंतर पुन्हा धोंडशाला जाणार आहे. त्या काकांना हे सगळं सांगायचंय आणि त्यांच्याकडून ते घर नेमकं कुठं होतं असं गाव मानतं ते विचारायचंय. कोणाला यायचं असेल तर इथंच कळवा, पालीच्या एसटी स्टँडवर सकाळी सहाला भेटू.

कोकणकडा

मी आणि अजून दोघं. चहा पोहे माझ्याकडे, घर पालीतच आहे.

भीमथडी

मीही येतो. मुलाला घेऊन.